पस्तीस मिलिमीटरच्या मागे: एका आखडलेल्या तोंडाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे आणि त्यातली चूकही माझीच आहे. रुग्णाने लिहायला परवानगी दिली, वर बजावलं, "नाव तेवढं घालू नका, पेठेत सगळी वळखत्यात." म्हणून नाव नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवलाय.

ते पहिल्यांदा आले ते दाढ दुखते म्हणून. वय ३६, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला. खालची डावी शेवटची दाढ किडलेली होती. खुर्चीत बसवून "आ करा" म्हटलं, तर त्यांनी जे केलं त्याला कुणी "आ" म्हणालं नसतं. आरसा कसाबसा आत गेला, दात कोरायचा हँडपीस जाईना.

"जरा मोठं उघडा."

"ह्येच मोठं हाय, डॉक्टर."

पट्टी लावली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर २७ मिलिमीटर. धडधाकट पुरुषाचं ते चाळीसच्या पुढे भरतं. घरी मोजायचं तर आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघावीत, सहज गेली पाहिजेत. त्यांची दोन बोटंसुद्धा अडत होती.

कोल्हापुरात तोंड आखडण्याच्या या आजाराचा पूर्वेतिहास रश्श्यावरून घेता येतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तिखटाने तोंडात आग कधीपासून होते, असं विचारलं की लोक "झाली की दोन-चार वर्षं" असं मोघम उत्तर देतात. त्यांनी मात्र तारीखवार सांगितलं. आधी मिसळीवर जादा कट घेणं बंद झालं. मग जत्रेत तांबडा सोडून नुसता पांढरा. पुढे बायको आमटी वेगळी करायला लागली. शेवटी रात्रीची दूध-भाकरी. दुसऱ्या एखाद्या गावात माणसाने तिखट सोडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे पंगतीत चेष्टा होते. त्यांचीही झाली, त्यांनी ती हसून घेतली, आणि चार वर्षं पित्ताच्या गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्सवर काढली.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, मी विचारलेली नसताना. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की हे गृहस्थ गॅलरीतून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे, आपल्या पेठेचा गोल झाला की सगळ्यात आधी यांचीच. ती शिट्टी गेली होती. ओठ गोल होईनात, गाल फुगवता येईनात. मेणबत्ती विझवायला लावली तर हवा कडेने निसटत होती. पाठ्यपुस्तकात याला लक्षण म्हणतात. त्यांच्या लेखी ती बेअब्रू होती.

मावा सतराव्या-अठराव्या वर्षापासून. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो: टपरीवर प्लॅस्टिकच्या कागदात कातरलेली सुपारी, त्यावर थोडी तंबाखू, चुना, आणि मग तळहातावर चोळून चोळून एकजीव केलेली पुडी. त्यात बहुतेक सगळी सुपारीच असते, तंबाखू चवीपुरती. हे दिवसाला दहा पुड्या खात. रात्रपाळीला एक पुडी डाव्या गालात ठेवून देत, झोप येऊ नये म्हणून. म्हणजे रोजचे कित्येक तास, अठरा वर्षं, एकाच जागी.

गाल बाजूला करून पाहिलं तर आतलं अस्तर गुलाबी नव्हतं, संगमरवरासारखं पांढुरकं होतं. बोट फिरवलं की उभे पट्टे लागत, दोरी ताणून धरल्यासारखे. पडजीभ आक्रसून एका बाजूला वळलेली. जीभ ओठांच्या बाहेर जेमतेम येत होती. हिमोग्लोबिन १०.८. निदानाबद्दल शंका नव्हती: ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तरीही डाव्या गालाचा तुकडा काढून तपासला. अस्तराखाली कोलॅजनचा, म्हणजे चिवट धाग्यांचा, घट्ट थर, वरचा पापुद्रा पातळ, पेशींची ठेवण बिघडलेली नाही, म्हणजे डिस्प्लेसिया नाही.

या आजाराचं वर्णन आधुनिक वैद्यकात पहिल्यांदा आलं ते १९५२ मध्ये. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांविषयी लिहिलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आज चालतं ते नाव दिलं. गंमत अशी की बरीच वर्षं मिरचीलाच दोष दिला जात होता. कोल्हापूरकरांनी हे ऐकलं असतं तर अख्खं शहर घाबरलं असतं. मिरचीने आग होते ती आजारामुळे, आजार मिरचीमुळे होत नाही. दोषी सुपारी.

सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीतलीच टॅनिन्स त्या कोलॅजनला असं चिवट करतात की ते मोडून काढणाऱ्या विकरांची मात्रा चालत नाही. आणि सुपारीत तांबं भरपूर असतं, ते कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालणाऱ्या विकराला जोर देतं. उत्पादन वाढलं, मोडतोड थांबली, वर टाके पक्के. हे मी त्यांना समजावत होतो तर ते म्हणाले, "म्हंजे वाळूत बाइंडर जादा पडला म्हणा की. मोल्ड दगड हुतोय." यापेक्षा चांगली उपमा मला आजवर सुचलेली नाही. आता ती मी सर्रास वापरतो.

पण आखडणं हा या आजाराचा एक चेहरा. दुसरा चेहरा जुन्या दाहाचा आहे. सुपारीचे खरखरीत तुकडे आणि रसायनं रोज अस्तराला जखम करतात, शरीर रोज ती भरायला धावतं, दाहाच्या पेशी तिथेच तळ ठोकतात. भरायची म्हणजे पेशींनी विभागायचं, आणि जितक्या वेळा विभागणी तितक्या नकलेतल्या चुका. रक्तवाहिन्या कोलॅजनने आवळलेल्या, म्हणून खाली प्राणवायू कमी. वरचा पापुद्रा पातळ, म्हणून सुपारी-तंबाखूतली कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स लवकर आत उतरतात. जुना दाह आणि कॅन्सर यांचं नातं जर्मन रोगशास्त्रज्ञ फिरखोने १८६३ मध्येच सुचवलं होतं, कॅन्सरच्या गाठींमध्ये त्याला पांढऱ्या पेशी दिसल्या तेव्हा. दीडशे वर्षांनंतरही आपण दाह म्हटलं की सूज उतरवायच्या गोळीचाच विचार करतो.

धोका किती? केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ जणांवर १७ वर्षं नजर ठेवली होती. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. नंतरच्या एकत्रित आढाव्यांमध्ये हा आकडा चार ते सहा टक्क्यांच्या घरात येतो. तुलनेसाठी, तोंडातल्या लायकेन प्लॅनस या दुसऱ्या दाहाच्या आजारात तो एक टक्क्याच्या आसपास आहे. गमतीचा भाग हा की लायकेन प्लॅनसवाल्या बाया इंटरनेटवर वाचून रडत येतात आणि मावेवाले पुडी खिशात घेऊन हसत येतात.

उपचार सुरू केले. मावा बंद. लोहाच्या गोळ्या, लायकोपिनच्या कॅप्सूल, गालात दर आठवड्याला हायल्युरोनिडेज आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम: दातांमध्ये काड्यांची चवड धरायची, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. माणूस कष्टाचा होता, व्यायाम नेमाने करायचा. चौथ्या महिन्यात ३२ मिलिमीटर झाले आणि ती किडलेली दाढ अखेर काढता आली. कार्डावर आकडे चढत गेले: २७, २९, ३२, ३४. एका रविवारी फोन आला, मागे स्टेडियमचा गोंगाट, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी. "ऐकली न्हवं?" एवढं बोलून फोन ठेवला.

मला वाटतं माझं खरं नुकसान त्या शिट्टीने केलं.

त्यानंतर ते दर सहा महिन्यांनी येऊ लागले. मी पट्टी लावायचो, आकडा लिहायचो. ३४, ३३, ३५, ३५. त्यांनाही तो आकडा पाठ. आम्ही दोघं मिळून एका संख्येच्या मागे लागलो होतो. ती चढली की आजार बरा, उतरली की काड्या वाढवा. अस्तराचा रंग, पोत, कडा याबद्दल त्या चार वर्षांच्या नोंदींत एकही ओळ नाही. मी पाहत नव्हतो असं नाही. पाहत होतो, पण जे दिसत होतं ते पाहत होतो. ३५ मिलिमीटर उघडणाऱ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या तोंडात शेवटच्या दाढेच्या मागची जागा, जिथे गाल जबड्याला मिळतो, ती सरळ दिसतच नाही. छोट्या डोक्याचा आरसा लागतो, बोट घालून चाचपावं लागतं, आणि रुग्णाला ते नकोसं होतं. आमच्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरचा आवडता कोपराच तो. पुडी तिथेच ठेवतात.

दुसरी चूक प्रश्नाची. दर भेटीला मी विचारायचो, "तंबाखू बंद ना?" ते म्हणायचे, "कवाच." खोटं बोलत नव्हते. आठव्या महिन्यापासून तोंडात भाजकी सुपारी होती, नुसती, तंबाखूचा कण नाही. त्यांच्या हिशेबी ते सुटले होते. कुठल्याही पेपरात, कुठल्याही भिंतीवर तंबाखू लिहिलेली असते, सुपारी कुठे असते? लग्नात तबकात येते, पूजेला गणपती म्हणून बसते. निव्वळ सुपारी, तंबाखूशिवायची, माणसात कॅन्सर घडवते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये छापून काढलं. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हाही लोकांच्या बोलण्यात गुटखा आणि तंबाखू एवढंच होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी तोंडातून प्रश्न तंबाखूचाच निघायचा, कारण फॉर्मवर तोच छापलेला होता.

सहाव्या वर्षीच्या एका भेटीची नोंद जशीच्या तशी देतो: "उघड ३५ मिमी. डावीकडे मागे लालसर. वरची शेवटची दाढ खाली उतरली आहे, टोक घासून गुळगुळीत केले. त्रास नाही. सहा महिन्यांनी."

खालची दाढ काढल्यावर वरची तिच्या रिकाम्या जागेत हळूहळू उतरत येते आणि गालाला टोचते, हे खरं. टोचल्याने लाल होतं, हेही खरं. म्हणजे कारण सापडलं होतं, पटण्यासारखं होतं, हाताशी होतं. टोक घासलं, ते उठून गेले. नियम असा की कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांनी बोलवायचं, आणि चट्टा किंवा व्रण राहिला असेल तर तुकडा काढायचा. "दोन आठवड्यांनी" च्या जागी मी "सहा महिन्यांनी" लिहिलं, कारण पुढची ठरलेली भेट तेव्हा होती.

तोंडात पांढऱ्यापेक्षा लाल वाईट. शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ मध्ये तोंडातल्या अशा लाल चट्ट्यांचे तुकडे तपासले तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त तुकड्यांत सरळ कॅन्सरच निघाला, आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांत त्याच्या अगदी उंबरठ्यावरचे बदल. हा अभ्यास मी विद्यार्थ्यांना शिकवत आलोय. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून लाल चट्टा कुणी दाखवत नाही, असंही पुढे सांगतो.

सहा महिने पुरे झालेच नाहीत. पाचव्या महिन्यात त्यांचा डावा कान दुखायला लागला. मेडिकलमधून थेंब आणले, पंधरा दिवस घातले. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान पाहिला, पडदा स्वच्छ. "कानात काही नाही, तोंड दाखवा," म्हणाले. जबड्याच्या मागच्या कोपऱ्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात, म्हणून घर तोंडात आणि ओरड कानात. या आजारात घशाजवळचे स्नायू आखडून कान दडपल्यासारखे एरवीही वाटतात, त्यामुळे मी असतो तर कदाचित तेवढ्यावरच सोडलं असतं. त्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण गालाच्या कडेने आत सरकवली आणि मला फोन केला.

पडद्यावर मी पाहिलं ते असं: शेवटच्या दाढेच्या मागे, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचा व्रण, कडा उचललेल्या, बुडाशी कडक. नंतर मी करंगळी घालून चाचपलं. कार्टिलेजसारखं लागलं. पाच महिन्यांपूर्वीच्या "लालसर" च्या बरोबर जागी.

तुकडा काढायचा म्हटल्यावर मेहुणे आडवे आले. "हत्यार लागलं की पसरतंय, आमच्या भावकीत झालंय." हे प्रत्येक दवाखान्यात कुणीतरी म्हणतंच. चिडून उपयोग नसतो. मी एवढंच विचारलं की भावकीतल्या त्या माणसाने तुकडा किती दिवस टाळला होता. मेहुणे गप्प बसले, आणि रुग्णच म्हणाला, "काढा." पाच दिवसांनी अहवाल आला. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, पेशींची ठेवण बऱ्यापैकी शाबूत असलेला, भोवताली फायब्रोसिस.

तो अहवाल मी त्यांच्या हातात दिला तेव्हाच सहाव्या वर्षीचं कार्डही पुढे ठेवलं. "हे मला पाच महिन्यांपूर्वी दिसलं होतं. दोन आठवड्यांनी बोलवायला हवं होतं." त्यांनी कार्ड वाचलं, बराच वेळ. मग म्हणाले, "आन मी सुपारी खात हुतो, ते मी कुठं सांगितलं तुमास्नी." सुपारीचं मला त्या दिवशी कळलं. आमच्यापैकी कुणी कुणाला माफ केलं अशातला भाग नाही. त्यांची बायको पुढचे तीन महिने माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झाली. सिटी स्कॅनमध्ये जबड्याचं हाड खाल्लेलं दिसत नव्हतं, मानेत गाठी नव्हत्या. पहिली अडचण भुलीची. तोंड उघडत नाही म्हणजे श्वासनळीत नळी घालायला नेहमीचा रस्ता बंद. म्हणून रुग्ण जागा असताना नाकातून लवचिक दुर्बिणीवर नळी सरकवावी लागली. ते पुढे सांगतात की कॅन्सरपेक्षा ती पंधरा मिनिटं वाईट होती.

मानेत गाठ नसताना मानेतल्या ग्रंथी का काढायच्या, हा प्रश्न त्यांनी शस्त्रक्रियेआधी विचारला होता. त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून आलेलं आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच साफ करावी की गाठ दिसल्यावर, याची तुलना त्यांनी केली. २०१५ मध्ये निकाल छापला: आधी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांत ६७.५. हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला नाही.

पण गालाच्या ठिगळावर मात्र अर्धा तास वाद झाला. सर्जनना हाताच्या पुढच्या भागाची कातडी हवी होती, पातळ आणि लवचिक, गालाला योग्य. "हात न्हाई द्यायचा," हे म्हणाले. "बॉक्स उचलायचा कशानं? मांडीचं घ्या." सर्जननी समजावलं की पकड जात नाही, फक्त थोडी जागा बधिर राहते. ऐकलं नाही. शेवटी मांडीचंच घेतलं. थोडं जाड बसलं, गाल आतून भरल्यासारखा वाटतो, पण सर्जन नंतर मला म्हणाले की फाउंड्रीत बारा किलोचा बॉक्स उचलणाऱ्या माणसाला मी कोण सांगणार. उजव्या गालातले पट्टे त्याच वेळी सोडवून घेतले.

अंतिम अहवाल: गाठ २.४ सेंटिमीटर, खोली ६ मिलिमीटर, कडा स्वच्छ, मानेच्या एकाही ग्रंथीत कॅन्सर नाही. दुसरा टप्पा. रेडिएशन लागलं नाही. फायब्रोसिसवर उठलेले कॅन्सर तुलनेने तरुण वयात येतात पण ग्रंथींत उशिरा पसरतात, असं काही भारतीय अभ्यासांत दिसलंय. त्याचा फायदा यांना झाला असावा. माझ्या पाच महिन्यांचा काही फायदा झाला नाही, एवढं नक्की.

यानंतर काही दिवसांनी एका पोटविकारतज्ज्ञ मित्राबरोबर जेवायला बसलो होतो. मी हे सगळं ओकलो. तो म्हणाला, "आमच्याकडे घड्याळ असतं, तुमच्याकडे पट्टी आहे." त्याचा रोख अल्सरेटिव्ह कोलायटिसकडे होता, मोठ्या आतड्याच्या अस्तराचा तसाच जुना दाह. त्यात कॅन्सर उद्भवल्याचं क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी १९२५ मध्येच नोंदवलं. तिथे धोका आजार किती त्रास देतोय यावर कमी, आणि किती वर्षं मुरलाय, आतड्याचा किती भाग व्यापलाय यावर जास्त ठरतो. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या वर्षी दुर्बिणीने आतडं तपासायचंच, रुग्ण ठणठणीत असला तरी. जोडीला पित्तनलिकांचा स्क्लेरोजिंग कोलँजायटिस असेल तर आठ वर्षंही थांबायचं नाही, निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी. २००१ च्या एका एकत्रित आढाव्यात ३० वर्षांनी धोका १८ टक्क्यांपर्यंत दिसला होता. नंतरच्या अभ्यासांत तो बराच खाली आला. त्याचं श्रेय मित्र औषधांना आणि या तपासण्यांना देतो. तिथला कॅन्सर उंच गाठ करून येत नाही, पुष्कळदा सपाट अस्तरातच बसलेला असतो, म्हणून निळा रंग फवारून शोधतात.

"आणि रुग्ण येतात का, त्रास नसताना?" मी विचारलं.

"नाही येत. जुलाब थांबले की आम्ही त्यांना आठवत नाही. आम्ही फोन करतो."

जठराचीही कथा वेगळी नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अस्तरात वर्षानुवर्षं दाह ठेवतो. १९९४ मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवलं, आणि तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. अँटिबायोटिक्सने जंतू मरतो. पण तोवर अस्तर झिजून गेलं असेल तर धोका कमी होतो, शून्य होत नाही. माव्याचंही हेच आहे. सुपारी सोडणं हा सगळ्यात मोठा उपाय, त्याच्या तोडीचं काही नाही, पण अठरा वर्षं घातलेले टाके सोडल्या दिवशी उसवत नाहीत.

त्या जेवणानंतर मी कार्ड बदललं. काही क्रांती नाही, साधं छापील कार्ड. आधी तोंडाचा नकाशा, त्यावर लाल, पांढरं, खडबडीत, कडक यांच्या खुणा. मग फोटो, दर भेटीला त्याच पाच कोनांतून, मागचा कोपरा छोट्या आरशातून. मग "तोंडात काय काय असतं" असा मोकळा प्रश्न, तंबाखू हा शब्द न उच्चारता. बंद झालेल्या सवयीची तारीख नाही, सुरू झालेल्या सवयीची तारीख, म्हणजे घड्याळ तिथून धरता येतं. कुठलाही चट्टा लिहिला की शेजारी चौदा दिवसांनंतरची तारीख, आणि रिसेप्शनवरच्या ताईंनी त्या दिवशी सकाळी फोन करायचा. मिलिमीटर सर्वांत खाली. पहिल्या महिन्यात रुग्ण कुरकुरले, कारण आकडा आधी कळायची त्यांना सवय. अजून कुरकुरतात.

जुन्या रुग्णांपैकी ज्यांचे नंबर लागले त्यांना बोलावून घेतलं. बरेच आले नाहीत. आले त्यांतल्या दोघांच्या तुकड्यांत डिस्प्लेसिया निघाला, कॅन्सर कुणालाच नाही. तुमची शिट्टी वाजते का, असं मी आता कुणाला विचारत नाही.

आमच्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष झालं. तोंड ३० मिलिमीटर उघडतं. कामावर परतलेत, मोल्डिंगवरून इन्स्पेक्शनला बदली घेतली. पांढरा रस्सा चालतो, तांबडा नाही. सुपारी बंद आहे. या वेळी मी त्यांना विचारून थांबलो नाही, बायकोलाही विचारलं. एका गालात कॅन्सर झाला म्हणजे दुसरा गाल सुटला असं नसतं. त्याच सुपारीत दोन्ही गाल भिजलेले असतात. म्हणून पहिलं वर्ष दर दोन महिन्यांनी आणि आता तीन महिन्यांनी येतात. मागच्या वेळी उजव्या गालात, सोडवलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. चौदा दिवसांनी तो तिथेच होता. तुकडा काढला. सौम्य डिस्प्लेसिया.

"म्हंजे कॅन्सर?"

"नाही."

"मग काय न्हाई म्हणायचं?"

"तसंही नाही म्हणता येत."

त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख मोबाइलमध्ये घातली.

त्या दिवशी त्यांना गाडीवरून पुतण्या घेऊन आला होता. वय १९, त्याच फाउंड्रीत नुकताच रात्रपाळीला लागलेला. तो बाहेर बाकावर बसून होता, गाल किंचित फुगलेला. काकांनीच हाक मारली, "ये रं आत, बस खुर्चीत." मला काय झालंय, असं पुटपुटत तो बसला. तीन बोटं सहज गेली. आरसा मागच्या कोपऱ्यापर्यंत बिनबोभाट पोचला. लाल नाही, पांढरं नाही. डाव्या गालाच्या मागच्या भागात अस्तर जरा फिकं, आणि बोटाखाली एक बारीक दोरी, असेल-नसेल अशी. फोटो काढले. खाली ४१ लिहिलं.

काका त्याच्या शेजारी उभे होते. माझा प्रश्न यायच्या आधी त्यांनी विचारलं, "तांबडा खातोस न्हवं?"

"खातोय की," तो म्हणाला. "जरा आग हुतीया, पर खातोय."